एक आत्मा, अनेक गळे

शंकेखोर : मला पहिली शंका येते ती गायकांची यादी वाचतानाच. नेदरलँड्सचा आर्येन लुकासेन हा संगीतकार २००० साली ‘एरियॉन’ या आपल्या प्रकल्पाचे दोन अल्बम एकाच वेळी बाजारात आणतो. दोन्हींचं नाव एकच, ‘युनिव्हर्सल मायग्रेटर’. पहिला भाग ‘द ड्रीम सीक्वेन्सर’, दुसरा ‘फ्लाइट ऑफ द मायग्रेटर’. एकट्या दुसऱ्या भागात आठ गाणी आणि आठ गायक. सिम्फनी एक्सचा रसेल ॲलन, प्रायमल फिअरचा राल्फ शीपर्स, हॅलोवीनचा अँडी डेरिस, आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन, रॅप्सडीचा फाबियो लियोने, स्ट्रॅटोव्हेरियसचा टिमो कोटिपेल्टो. त्यांच्या जोडीला रॉबर्ट सूटरबुक आणि इयन पॅरी. आता मला सांगा, आठ गळ्यांतून आठ गाणी ऐकल्यावर श्रोत्याच्या हाती एक कलाकृती लागते की आठ बँडांचे नमुने? एखाद्या बँडचा गायक बेताचा असला तरी दहा गाण्यांनंतर तो ओळखीचा होतो. त्याच्या उणिवांचीही सवय होते आणि त्या सवयीतूनच एक माणूस समोर उभा राहतो. इथे ओळख होण्याआधीच पाहुणा उठून जातो. शिवाय प्रत्येक पाहुणा आपापले चाहते घेऊन येतो. मेडनचं वेड आपल्याकडे किती आहे ते १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात दिसलंच. त्या जगदौऱ्याची सुरुवातच त्यांनी मुंबईतून केली. अशा गायकाचं नाव वेष्टनावर असलं की लोक गाणं ऐकतात की नाव ऐकतात?

चाहती : नाव ऐकून येतात हे मान्य. पण येण्याचं कारण आणि थांबण्याचं कारण एकच असायला हवं असं नाही. तुम्ही पाहुण्यांची यादी वाचलीत, पण त्यांना कशासाठी बोलावलंय ते बाजूला ठेवलंत. गोष्ट अशी : २०८४ साली शेवटच्या महायुद्धात पृथ्वीवरचं जीवन संपलंय. मंगळावरच्या वसाहतीत एकच माणूस उरलाय. त्याच्याजवळ ‘ड्रीम सीक्वेन्सर’ नावाचं यंत्र आहे. त्यात आडवं झालं की माणूस मागे जातो. आधी स्वतःच्या बालपणात, मग त्याही आधीच्या जन्मांत. चंद्रावरचं पहिलं पाऊल, रेम्ब्रांचं ॲमस्टरडॅम, १५८८ चं स्पॅनिश आरमार, माया संस्कृतीचं टिकाल, सहाव्या शतकातला आंधळा चारण एरियॉन, स्टोनहेंज आणि शेवटी पृथ्वीवरचा पहिला माणूस. प्रत्येक जन्माला नवा गळा. ऑपेरात किंवा आपल्या संगीत नाटकात एका पात्राला एक गायक असतो. इथे ते उलट केलंय. पात्र एकच, आत्मा एकच, आणि गळे बदलत जातात. पाहुणा उठून जातो अशी तुमची तक्रार आहे, पण गोष्टीतलं शरीरही तसंच उठून जातं. या अल्बममध्ये पाहुणे गायक ही सजावट नाही, तो कथेचा सांगाडा आहे. एकाच गायकाने हे सगळे जन्म गायले असते तर ती एका माणसाची वेशभूषा स्पर्धा झाली असती.

शंकेखोर : कल्पना कागदावर चांगली आहे. पण पुनर्जन्म हा विषय आपल्या घरचा आहे, म्हणून मी जरा कडकपणे पाहणार. आपल्याकडे चौऱ्यांशी लक्ष योनींचा हिशेब सांगतात. त्यात किडा येतो, झाड येतं, उकिरड्यावरचं कुत्रं येतं. त्या हिशेबात एक दहशत आहे, कारण तिथे माणूसपण ही अपवादाची गोष्ट आहे. लुकासेनचा आत्मा मात्र इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातूनच फिरतो. ज्या पानावर चित्र आहे त्याच पानावर थांबतो. चंद्र, आरमार, पिरॅमिड, स्टोनहेंज. बहुतेक मुक्काम युरोपात. माया लोकांकडे एक चक्कर मारली की झालं जग पाहून. हा आत्म्याचा प्रवास नाही, सहल आहे. आणि सहलीतल्या प्रत्येक ठिकाणी वेगळा मार्गदर्शक भेटावा तसे हे गायक भेटतात. मला सांगा, ‘टेंपल ऑफ द कॅट’ गाणारी जॅकलिन गोवार्ट आणि ‘द फर्स्ट मॅन ऑन अर्थ’ गाणारा नील मोर्स यांच्यात एकच आत्मा आहे हे मला ऐकू कशातून येतं? पुस्तिकेत लिहिलंय म्हणून मी मानायचं? संगीताने स्वतः ते सांगितलं नाही तर तो नुसता दावा राहतो.

चाहती : ‘माणूसपण अपवाद’ हा मुद्दा मी लिहून ठेवते, कारण दुसऱ्या भागात तो तुमच्याच अंगावर येणार आहे. पाठ्यपुस्तकाचा आरोप काही अंशी खरा आहे. पण त्या यादीतलं एक पान नीट उघडून पाहा. ‘द शूटिंग कंपनी ऑफ कॅप्टन फ्रान्स बी. कॉक’ हे गाणं ज्या चित्राबद्दल आहे ते रेम्ब्रांचं १६४२ चं, ‘नाइट वॉच’ म्हणून जग ज्याला ओळखतं ते. ते समूहचित्र आहे. शहररक्षक दलातल्या सभासदांनी आपापला चेहरा दिसावा म्हणून पैसे भरले होते. चित्रातल्या एका ढालीवर पुढे १८ जणांची नावंही लिहिली गेली. असल्या चित्रांत बहुतेक वेळा चेहरे ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येकाला सारखा उजेड मिळतो. रेम्ब्रांने तो करार मोडला. कुणाला अर्ध्या अंधारात ढकललं, कुणाच्या तोंडावर दुसऱ्याचा हात आणला, आणि भरपूर उजेड टाकला तो एका लहान मुलीवर, जी दलाची सभासदच नव्हती. उजेड पैशाप्रमाणे वाटला गेला नाही, चित्राच्या गरजेप्रमाणे वाटला गेला. पाहुण्यांच्या अल्बमची कसोटी मला याहून चांगली सुचत नाही. आणि गंमत अशी की हे गाणं लुकासेनने कुठल्या प्रसिद्ध नावाला दिलेलं नाही. ट्यूसडे चाइल्ड या डच बँडमधल्या माउस नावाच्या गायकाला दिलं. टियामाटचा योहान एड्लुंड मंगळावरच्या घराचं गाणं खालच्या, थकलेल्या सुरात म्हणतो, कारण तिथे माणूस एकटा आहे. डॅमियन विल्सन स्टोनहेंजच्या ड्रुइडांचं गाणं प्रार्थनेसारखं उचलतो. हे चेहरे ओळीने बसवलेले नाहीत. राहिला धागा कशात ऐकू येतो हा प्रश्न. लाना लेनचा आवाज हा यंत्राचा आवाज आहे. तो सुरुवातीला माणसाला झोपवतो आणि शेवटी पुन्हा येतो. मधल्या जन्मांना जोडायला तेवढं पुरतं.

शंकेखोर : पहिल्या भागापुरतं मी माघार घ्यायला तयार आहे. तिथलं संगीतही त्याला साथ देतं. सावकाश पसरणारे सिंथ, पिंक फ्लॉइडची आठवण करून देणारी गिटार, गळ्याला मोकळी जागा. पण खरा मेटल अल्बम दुसरा आहे, आणि तुमची सगळी इमारत तिथे कोसळते. दुसऱ्या भागात तो माणूस पहिल्या माणसाच्याही मागे जायचं ठरवतो. विश्वाच्या आरंभापर्यंत पोचतो, तिथे आद्य आत्मा म्हणजे ‘युनिव्हर्सल मायग्रेटर’ जन्मतो, त्याचे असंख्य आत्मे होतात, आणि त्यातल्या एकाच्या मागोमाग आपला माणूस पल्सार, क्वासार, कृष्णविवर, वर्महोल, श्वेतविवर असं करत सूर्यमालेपर्यंत येतो. बरोबर? म्हणजे इथे शरीरं बदलत नाहीत. प्रवासी तोच, पाहणारा तोच. मग गायक का बदलतात? तुमच्याच नियमाने इथे एक गळा हवा होता. त्यातून हे गळे पाहा. पहिल्या भागात बाई होती, पुरुष होता, कुजबुज होती, वृद्धपण होतं. इथे सगळे उंच पट्टीत गाणारे पुरुष. पॉवर मेटलची तीच चढती ओळ, शेवटी तीच लांबवलेली किंकाळी. म्हणजे जिथे फरकाची गरज होती तिथे फरक आहे. जिथे गरज नव्हती तिथे नावं फक्त जास्त मोठी आहेत. रेम्ब्रांची कसोटी लावायची तर दुसऱ्या भागात प्रत्येकाला सारखा उजेड आहे.

चाहती : सारखे वाटतात, कारण तुम्ही पट्टी ऐकताय. आवाजाची जात ऐका. रसेल ॲलनचा आवाज उंच गेला तरी छातीतलं वजन सोडत नाही. म्हणून ‘डॉन ऑफ अ मिलियन सोल्स’ त्याला दिलंय, जिथे आत्म्यांची उत्पत्ती होते आणि सुराला बूड हवं. अँडी डेरिसच्या गळ्यात खरखर आहे, ‘टू द क्वासार’मध्ये ती प्रवासाची घासाघीस होते. कोटिपेल्टोचा आवाज पातळ आणि धारदार. श्वेतविवरातून बाहेर फेकलं जाण्याचं गाणं त्याच्याकडे. आणि डिकिन्सनचं ‘इंटू द ब्लॅक होल’ घ्या. दहा मिनिटांहून मोठं गाणं, आणि अल्बममधल्या वेगाला तिथे एकदम लगाम बसतो. डबल बासची दौड थांबते, रिफ जड आणि संथ होतो. मला हे फार अचूक वाटतं. दुरून पाहणाऱ्याला कृष्णविवरात पडणारी वस्तू घटनाक्षितिजाशी संथ होत होत जवळजवळ गोठलेली दिसते. मेटलचा नेहमीचा मोह असा की भयानक जागा आली की वेग वाढवायचा. लुकासेनने तो आवरला. आणि अशा संथ जागी सूर धरून ठेवायला नाट्य असलेला गळा लागतो. किंचाळणारे पुष्कळ मिळतात. दहा मिनिटं भीती पेलणारा डिकिन्सनसारखा एखादाच.

शंकेखोर : तुम्ही भौतिकशास्त्र आणलंत ते बरं झालं, कारण तिथेच मला पकड मिळते. गोठताना दिसतं ते दुरून पाहणाऱ्याला. जो पडतोय त्याचं स्वतःचं घड्याळ नेहमीसारखंच चालतं; कृष्णविवर पुरेसं मोठं असेल तर क्षितिज कधी ओलांडलं हेही त्याला कळणार नाही. आणि या गाण्यात गाणारा कोण आहे? पडणारा. म्हणजे संथ लय शास्त्रामुळे आलेली नाही, भीतीच्या जुन्या नाट्यसंकेतामुळे आली आहे. संकेत वाईट नव्हे, पण त्याला विज्ञानाचं प्रशस्तिपत्र देऊ नका. मराठी वाचक म्हणून माझी अपेक्षा थोडी वाढलेली आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्याच वर्षी अप्पाराव आणि नरेश दधिच यांच्याबरोबर त्यांनी ‘नेचर’मध्ये श्वेतविवरांतून येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या प्रारणावर शोधनिबंध लिहिला. म्हणजे ज्या दोन वस्तूंची गाणी इथे मागेपुढे आहेत, त्या दोन्हींवर एकाच माणसाने एकाच वर्षी काम केलं होतं. विज्ञानकथेचं काम असं असतं की शास्त्राचा नियम माणसाच्या आयुष्यात घुसला तर काय मोडेल ते दाखवायचं. या अल्बममध्ये नियम काहीच मोडत नाही. क्वासार येतो, जातो. वर्महोल येतं, जातं. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ साली जो पूल मांडला, तो प्रकाशकिरण पार होण्याआधीच मिटतो हे १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं. यात केवढी शोकांतिका दडलेली आहे, दार उघडतं आणि कुणी आत जायच्या आत बंद होतं! इथला प्रवासी मात्र त्यातून गाणं म्हणत निघून जातो. पहिल्या भागात तो इतिहासाच्या सहलीवर होता, दुसऱ्यात खगोलशास्त्राच्या.

चाहती : पडणाऱ्याचं घड्याळ नेहमीसारखं चालतं, हे कबूल. तरीही तो माणूस खरोखर तिथे नाही हे लक्षात घ्या. त्याचं शरीर मंगळावर यंत्रात पडलेलं आहे. तो पडणारा आहे तसा दुरून पाहणाराही आहे. गाणं या दोन जागांच्या मध्ये आहे, आणि लय कुठल्या घड्याळाची हे म्हणूनच ठरवता येत नाही. आता सहलीबद्दल. ‘टू द क्वासार’च्या दुसऱ्या खंडाचं नाव ‘क्वासार ३सी २७३’ आहे. ही वस्तू नेमकी काय ते १९६३ मध्ये प्रथम ओळखलं मार्टेन श्मिट यांनी, म्हणजे लुकासेनच्याच देशात जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञाने. दुर्बिणीत साध्या ताऱ्यासारखा दिसणारा ठिपका जवळजवळ अडीचशे कोटी प्रकाशवर्षं दूर आहे, हे त्याच्या वर्णपटातल्या सरकलेल्या रेषांवरून त्यांना उमगलं. मला या शोधातली एक गोष्ट गाण्याच्या फार जवळची वाटते. मोठेपणा डोळ्यांना दिसत नाही, तो मोजून घ्यावा लागतो. ठिपका ठिपकाच राहतो. मग तो केवढा आहे हे श्रोत्याला कसं जाणवायचं? रॉक संगीताने यावर दोन उत्तरं शोधली. एक पसरट, पोकळ जागेचं. हॉकविंड, पिंक फ्लॉइड, लांबणारे सिंथ. दुसरं वजनाचं, गिटारची भिंत. लुकासेनने दोन्ही उत्तरं दोन अल्बमांत अलग करून ठेवली. नासाने २०२२ मध्ये पर्सियस दीर्घिकासमूहातल्या वायूच्या लहरी माणसाच्या कानाला ऐकू याव्यात म्हणून ५७ ते ५८ सप्तकं वर उचलल्या, तेव्हा लोक थरारले. मूळ लहर आपल्या कानासाठी नव्हतीच. ती आपल्या गळ्याच्या पट्टीत आणावी लागली. कला एवढंच करते. म्हणून दुसऱ्या भागातले ते उंच गळे मला पटतात. तिथे झाड नाही, देऊळ नाही, लढाई नाही, दुसरा माणूस नाही. सगळं अफाट आहे आणि माणूस म्हणावा असा फक्त आवाज आहे. माणूसपण अपवाद आहे असं तुम्हीच म्हणालात ना? मग तो अपवाद ताणाच्या टोकाशी ऐकू यायला हवा. पॉवर मेटलची ती शेवटची किंकाळी इतर अल्बमांत दिखावा असते. इथे ती शरीराची मर्यादा सांगते.

शंकेखोर : हा आजच्या बोलण्यातला तुमचा सर्वांत चांगला मुद्दा, आणि तोच माझ्या बाजूने जातो. मर्यादा दाखवायची असेल तर ती एकाच गळ्याची दाखवा. एकच माणूस आरंभापासून सूर्यमालेपर्यंत गात येऊ दे. तिसऱ्या गाण्यात त्याचा आवाज फाटू दे, पाचव्यात बसू दे, सातव्यात नुसता श्वास उरू दे. मग मला अंतर कळेल. इथे प्रत्येक टप्प्यावर ताज्या दमाचा गायक येतो, म्हणजे प्रवासाचा थकवाच पुसला जातो. ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या संयुक्त प्रयोगाचं उदाहरण घ्या. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या गायकांनी एकत्र रंगभूमीवर पाऊल ठेवलं. लोक नावांसाठीच आले होते, चढाओढ ऐकायला आले होते. पण तिथे भामिनी आणि धैर्यधर एकमेकांसमोर उभे होते. एकाने जागा घेतली की दुसऱ्याला उत्तर द्यावं लागत होतं. पाहुणचाराला अर्थ येतो तो या सामन्यातून. लुकासेनला हे येत नव्हतं असंही नाही. दोनच वर्षं आधी, १९९८ च्या ‘इंटू द इलेक्ट्रिक कासल’मध्ये त्याने आठ काळांतली आठ माणसं एकत्र कोंडली, प्रत्येकाला एक गायक दिला आणि त्यांना भांडायला लावलं. फिश, शॅरन डेन आडेल, ॲनेके फान गिर्सबर्गन एकमेकांना उत्तरं देतात. तिथे गर्दीला कारण होतं. आणि दोन वर्षांनी, २००२ मध्ये, ‘स्टार वन’ या नावाने ‘स्पेस मेटल’ केला तेव्हा त्याने फक्त चार मुख्य गळे घेतले, मुख्यतः चित्रपटांतल्या अंतराळावर गाणी लिहिली, आणि तो अल्बम किती बांधीव झाला! म्हणजे आधी संवाद होता, नंतर आवर होता. मधल्या या अल्बममध्ये दोन्ही नाहीत. कुणी कुणाला उत्तर देत नाही.

चाहती : कारण उत्तर द्यायला कुणी उरलेलंच नाही! शेवटच्या माणसाची गोष्ट आहे ही. ‘इलेक्ट्रिक कासल’मध्ये आठ जण होते म्हणून भांडण होतं. इथे प्रत्येक गाणं एकटं सुरू होतं आणि एकटं संपतं, पुढचा आवाज मागच्याला ओळखतही नाही. तुम्हाला जे तुटलेपण खटकतं तोच या अल्बमचा विषय आहे असं माझं म्हणणं आहे. एवढ्या गायकांना बोलावून त्यांच्यातल्या एकालाही दुसऱ्याशी बोलू न देणं ही मला धाडसाची गोष्ट वाटते. थकव्याबद्दल तुम्ही म्हणता ते मला आवडलं. तसा अल्बम कुणी केला तर मी पहिली जाऊन घेईन. पण तो वेगळा अल्बम होईल, एका वीराचा. इथे वीर नाही. शेवटी यंत्र बिघडतं, शरीर मरतं आणि तो माणूस स्वतःच नवा मायग्रेटर होतो. म्हणजे ज्या आत्म्याच्या मागे तो धावत होता तोच तो होतो. ही कलाटणी एका गायकाने पेलली असती तर ती आत्मचरित्राचं शेवटचं प्रकरण झाली असती. आठव्या, अनोळखी गळ्यात आली म्हणून ती नवा जन्म वाटते. आणि धागा इथे तुटत नाही. श्वेतविवराच्या गाण्यात ‘प्लॅनेट वाय’ नावाचा ग्रह ओझरता येतो; २००८ साली लुकासेनने त्याच ग्रहावर ‘०१०११००१’ हा पूर्ण अल्बम उभा केला. ते नाव म्हणजे संगणकाच्या द्विमान लिपीतलं वाय अक्षर. तुम्ही ज्याला सहलीचा थांबा म्हणता, तिथे तो पुन्हा राहायला गेला.

शंकेखोर : आता मी माझी कसोटी नेमकी करतो. गायकांची अदलाबदल करून पाहा. गळा बदलल्यावर गाण्याचा अर्थ मोडला तर पाहुणा हवा होता. नाही मोडला तर तो नावापुरता होता. एड्लुंडचं मंगळावरचं गाणं कोटिपेल्टोला द्या, गाणं कोसळेल. गोवार्टचं टिकालचं गाणं डेरिसला द्या, गाणंच उरणार नाही. पहिला भाग उत्तीर्ण. आता शीपर्सचं गाणं लियोनेला द्या आणि लियोनेचं शीपर्सला. चाहते वाद घालतील, पण अर्थाला धक्का लागणार नाही. ॲलन आणि डिकिन्सन यांची गाणी मी वादातून वगळतो, ती त्यांचीच आहेत. उरलेल्या सहांबद्दल तुम्ही प्रामाणिकपणे सांगा.

चाहती : प्रामाणिकपणे सांगायचं तर सहातली तीन गाणी तुमच्या कसोटीवर पडतील. पण मला कसोटीच अपुरी वाटते. चांगल्या नाट्यपदाची ओळख काय? ते मूळ नटाच्या गळ्यातून सुटून शंभर वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यांत जगतं. अदलाबदल केली तरी जे मोडत नाही ते चालीच्या बळावर उभं असतं. तुमच्या हिशेबात तो दोष ठरतो. २०१७ च्या सप्टेंबरात टिलबर्गच्या ०१३ या सभागृहात ‘एरियॉन युनिव्हर्स’चे प्रयोग झाले. वेगवेगळ्या अल्बमांतली गाणी सोळा गायकांनी वाटून घेतली. मूळ गायक जिथे नव्हता तिथेही गाणी टिकली. तुमची कसोटी पात्रयोजना मोजते, गाणं मोजत नाही. एक मात्र तुमच्यामुळे मला स्पष्ट झालं. पहिल्या भागात गळा कथेचा आहे आणि दुसऱ्यात गळा गाण्याचा आहे. मी दोन्हींना एकच कारण लावत होते, ते चुकत होतं.

शंकेखोर : आणि मी दोन्हींना एकच दोष लावत होतो. पण तुमच्या या वाटणीने प्रश्न सुटत नाही, उलट टोकदार होतो. एकाच शीर्षकाखाली दोन वेगळे करार आहेत. पहिल्या डिस्कवर संगीतकार मला सांगतो की आवाज बदलला की माणूस बदलला असं समज. मी ते शिकतो. दुसऱ्या डिस्कवर तो न सांगता नियम बदलतो : आता आवाज बदलला तरी माणूस तोच आहे. ज्या श्रोत्याने पहिला करार मनापासून पाळला तोच दुसऱ्यात फसतो. जो नुसता मेटलसाठी आला त्याला काहीच खटकत नाही. लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला शिक्षा आणि वरवर ऐकणाऱ्याला बक्षीस, हे मला मोठ्या कलाकृतीचं लक्षण वाटत नाही.

चाहती : किंवा असं म्हणा, की पहिल्या डिस्कने शिकवलेली सवय दुसरी मोडते. आवाज बदलला की माणूस बदलला असं तुम्ही मानू लागता, आणि नेमकं तेव्हा ती विचारते की माणूस म्हणजे काय? आत्मा एकच असेल तर पहिल्या डिस्कवर तरी माणूस बदलला होता का? लुकासेनने हे जाणून केलं की दोन प्रकारचे श्रोते सांभाळायला दोन अल्बम काढताना ते घडून गेलं, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण ते घडलंय, आणि ऐकू येतं.

शंकेखोर : घडून गेलेल्या गोष्टीचं श्रेय संगीतकाराला द्यायचं की श्रोत्याला, इथे आपण अडलो आहोत. माझा निकाल एवढाच : पहिला भाग पूर्ण कलाकृती आहे, दुसरा उत्तम गाण्यांचा संग्रह आहे, आणि दोन्ही मिळून जे होतं ते आपल्या आजच्या वादाइतकंच अपुरं आहे.

चाहती : माझा निकाल वेगळा आहे, पण तो सांगण्याऐवजी वाचकांना एक विनंती करते. गायकांची यादी आधी वाचू नका. दोन्ही भाग क्रमाने, एका बैठकीत ऐका. दुसऱ्या भागात ज्या गाण्याशी तुम्हाला पहिल्यांदा ‘हा कोण?’ असं विचारावंसं वाटेल ते लिहून ठेवा. मग यादी उघडून पाहा, की तुम्ही गायकाबद्दल विचारत होता की गाणाऱ्या त्या शेवटच्या माणसाबद्दल. आमच्या दोघांपैकी कुणाचं खरं, ते त्यावरून तुम्हीच ठरवा.